आधी खिडकी, मग कूलर

होळी झाली की अकोल्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शाळा सकाळची होते आणि घराघरांतले कूलर खाली उतरतात. गच्चीवरून, जिन्याखालून, न्हाणीघराच्या माळ्यावरून पत्र्याची ती खोकी अंगणात येतात. जुन्या ताट्या उपटल्या की वर्षभराची धूळ निघते, कधी चिमणीचं घरटंही निघतं. हातगाडीवर नव्या ताट्या, पंप, नळ्या घेऊन फेरीवाले गल्लीबोळांतून ओरडत फिरतात. वेल्डिंगच्या दुकानांपुढे नव्या कूलरचे सांगाडे रांगेत उभे राहतात. आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात हे वाक्य ऐकू येतंच : "मागच्या वर्षीचा काही पुरला नाही, यंदा मोठा घेऊ."

या वाक्याबद्दल मला आज लिहायचं आहे. माझं म्हणणं एवढंच की आपल्या मोहल्ल्यांतल्या बऱ्याच घरांत कूलर लहान नसतो, खिडकी बंद असते. आणि ती खिडकी कुणी बंद केली, का बंद केली, तिची किंमत कोण मोजतं, हे प्रश्न आपण विचारत नाही. पैसे मात्र दर वर्षी कूलरवर घालतो.

मी विज्ञानाची शिक्षिका नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवते, काही तास उर्दूचे घेते. वाफ आणि आर्द्रता हा माझा विषय नव्हे. पण सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याच घरात जे घडलं त्यानंतर मी हा विषय शिकले. तो शिकायला मला उशीर झाला, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर जुन्या वस्तीतल्या शेकडो घरांसारखं आहे. रस्त्याला लागून बैठक, तिच्यामागे मधली खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. आगगाडीच्या डब्यांसारखं एकापाठोपाठ एक. मधल्या खोलीला एकच खिडकी होती, ती शेजारच्या मोकळ्या जागेकडे उघडायची. २०१७ साली त्या जागेवर शेजाऱ्यांनी मजला चढवला आणि त्यांची गॅलरी बरोबर आमच्या खिडकीसमोर आली. मधली खोली म्हणजे आम्हा बायकांची खोली. कपडे तिथेच बदलायचे, नमाज तिथेच, केस विंचरायचे तिथेच. आधी पडदा लावला. पडदा वाऱ्याने उडायचा. मग पत्रा ठोकला. मग मीच एक दिवस मिस्त्रीला बोलावलं आणि विटा लावून खिडकी बुजवून घेतली. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "सोच लो बेटा." मी विचार केला नाही.

पुढच्या वर्षी, २०१८च्या मार्चमध्ये, अब्बांचं निधन झालं. अम्मी इद्दतीत बसल्या. जे वाचक मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पतीच्या निधनानंतर स्त्री चार महिने दहा दिवस इद्दत पाळते, म्हणजे गरजेशिवाय घराबाहेर जात नाही, साजशृंगार करत नाही. मार्च ते जुलै, म्हणजे वऱ्हाडातला अख्खा उन्हाळा अम्मींना घरातच काढायचा होता. बैठकीत येणारे-जाणारे पुरुष असायचे, म्हणून त्या मधल्या खोलीत. बैठकीच्या खिडकीला बाहेरून लावलेला कूलर आम्ही काढला आणि मोठ्या प्रेमाने आत, त्यांच्या पलंगाजवळ आणून ठेवला. त्यांना गार वारा मिळावा म्हणून दार लावून घ्यायचो. थंडावा बाहेर जाऊ नये, असं आमचं शहाणपण.

त्या वर्षी रमजान मेच्या मध्यात सुरू झाला. अम्मींनी रोजे सोडायला नकार दिला. वय आणि तब्येत पाहता सवलत होती, सगळ्यांनी सांगून पाहिलं, त्या ऐकल्या नाहीत. कूलर दिवसभर घोंघावत होता. एक दिवस दुपारी मी शाळेतून आल्यावर आत गेले तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चादर ओलसर, उशी ओलसर, कपाळावर घामाचे थेंब तसेच थांबलेले. म्हणाल्या, "बेटा, हवा आरी, पन सांस नई आरी."

मी पंख्याचं बटन आणखी वाढवलं. त्यावेळी मला तेवढंच सुचलं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी, असरच्या थोडं आधी, त्या उठताना कोसळल्या. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, दोन दिवसांनी घरी आल्या. अल्लाहची मेहरबानी. डॉक्टरांनी रोजा, वय, पाण्याची कमतरता सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "घरात कूलर नाही का?" आम्ही म्हणालो, आहे, पलंगाजवळच आहे. त्यांनी विचारलं, "तो हवा कुठून घेतो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कूलर हवा कुठून घेतो हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणाला पडलाच नव्हता.

आता जे शिकले ते सांगते.

कूलर थंडी तयार करत नाही. तो माठाचाच भाऊ आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मागे राहिलेलं पाणी गार होतं. कूलरमध्ये पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा त्या ओल्या ताट्यांतून बाहेरची कोरडी गरम हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवेतली उष्णता त्यात खर्च होते. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता खेचून घेतं, तेवढ्या उष्णतेवर नळाचं सात-साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. चहासाठी पातेलं ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला यातली ताकद लगेच समजेल.

ही युक्ती नवी नाही. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त बांबूच्या चौकटींत खस, म्हणजे आपला वाळा, भरून त्यावर पाणी मारलेल्या थंड खोल्यांचा उल्लेख आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळात दारावर वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी शिंपडत असत. कूलरने त्याला पंखा आणि पंप जोडला, इतकंच.

पण या युक्तीला एक अट आहे. हवा कोरडी हवी. हवेत आधीच ओल असेल तर पाणी उडणार कसं? पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तसंच ते.

पुढच्या वर्षी मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून दोन तापमापी मागून आणल्या. एकीच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळली, दुसरी कोरडी ठेवली. ओल्या चिंधीची तापमापी जिथे थांबते, त्याच्या खाली कूलर हवा नेऊ शकत नाही. ती त्याची शेवटची पायरी. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या वाटेचा साधारण तीन चतुर्थांश भाग, फार तर थोडा अधिक, उतरतो.

मेमधल्या एका दुपारी व्हरांड्यात, सावलीत, कोरडी तापमापी ४४ अंशांवर होती आणि ओली २३वर. एकवीस अंशांचा फरक! बैठकीच्या खिडकीत परत बाहेरून लावलेल्या कूलरच्या तोंडाशी मोजलं तर २८ अंश. म्हणजे सोळा अंश उतरले, तेही घरातल्या दोन-तीन पंख्यांएवढ्या विजेत. हे मी स्वतः पाहिलं तेव्हा कूलरबद्दल माझा आदर वाढला. कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशासाठी याहून स्वस्त आणि चांगलं यंत्र मिळणं अवघड आहे.

मग मी तोच कूलर मुद्दाम मधल्या खोलीत ठेवला, दार लावलं आणि दोन तास चालवला. अम्मी तेव्हा बैठकीत होत्या. दोन तासांनी आत गेले तर कोरडी तापमापी ३४ आणि ओली ३०. भिंतीला हात लावला तर ओलसर. मला त्या दुपारची चादर आठवली.

झालं काय, ते आता सरळ दिसत होतं. कोंडलेल्या खोलीत कूलर तीच ती हवा पुन्हा पुन्हा ताट्यांतून फिरवतो. प्रत्येक फेरीत तिच्यात आणखी ओल भरतो. थोड्याच वेळात हवा ओलीने इतकी भरते की पाणी उडायचं जवळपास थांबतं. भिंती आणि छत तर बाहेरच्या उन्हाने तापतच असतात. मग कूलर म्हणजे गरम, दमट वारा फेकणारा पंखा. आणि आपलं शरीरही शेवटी माठच आहे. घाम उडाला तरच अंग गार होतं. चौतीस अंश आणि वर ओल असेल, तर घाम कपाळावरच थांबतो. म्हाताऱ्या माणसाला आधीच घाम कमी येतो, तहान कमी लागते. अम्मींच्या पलंगाजवळ आम्ही प्रेमाने जे ठेवलं होतं, ते त्यांचा घाम अडवत होतं.

सगळा दोष कूलरचा होता असं मी म्हणणार नाही. रोजा होता, वय होतं, दुःख होतं. पण त्या तिन्ही गोष्टी माझ्या हातात नव्हत्या. खिडकी होती.

म्हणून नियम साधा आहे आणि तो घरातल्या लहान मुलालाही पाठ असावा. कूलरची पाठ घराबाहेर, तोंड घरात. आणि जेवढं त्याचं तोंड मोठं, निदान तेवढी जागा समोरच्या बाजूला हवेला बाहेर पडायला. बाहेरची हवा आत आली पाहिजे आणि आतली बाहेर गेली पाहिजे. एसीत दार बंद ठेवायचं असतं, कूलरमध्ये उघडं. आपण एसीची सवय कूलरला लावतो आणि मग म्हणतो, कूलर पुरत नाही.

आता येते अवघड गोष्ट. आपल्या मोहल्ल्यांत खिडक्या का नसतात?

एक कारण गरिबी आहे आणि जागेची टंचाई. तीन भावांत वाटणी झाली की अंगण जातं, सहन जातं, दोन भिंतींच्या मधला बोळ जातो. माझ्या माहेरच्या, बाळापूरच्या जुन्या घराला मधोमध अंगण होतं, मातीचं जाड धाबं होतं, रांजण होते. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की गार वाटायचं. आता त्याच जागेवर सिमेंटच्या चार खोल्या आहेत आणि कोणत्याही खोलीला दोन बाजूंनी हवा नाही. घर वाटलं गेलं तेव्हा भिंती मोजल्या, वारा कुणी मोजला नाही.

पण दुसरं कारण पडदा आहे आणि ते बोलायला आपण कचरतो. मी पडद्याच्या विरोधात लिहीत नाही. मलाही समोरच्या गॅलरीतून कुणी आत पाहावं असं वाटत नव्हतं, आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं. चूक ही होती की नजर अडवायला मी वारा अडवला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक आपल्याच पूर्वजांना नीट कळत होता. औरंगाबादला बीबी का मकबरा पाहायला गेलेल्या प्रत्येकाने तिथल्या संगमरवरी जाळ्या पाहिल्या असतील. जाळीतून वारा येतो, उजेड येतो, नजर येत नाही. जाळी पाहून आपण वाहवा करतो, सेल्फी काढतो आणि घरी येऊन खिडकीला पत्रा ठोकतो.

संगमरवर लागत नाही. सिमेंटच्या तयार जाळ्या बांधकामाच्या दुकानात मिळतात. तिरप्या पट्ट्यांची झडप लावता येते. सगळ्यात सोपं म्हणजे माणसाच्या उंचीच्या वर, छताच्या जवळ, एक लांबट झरोका. गरम हवा वरच जाते, तिथून ती आपोआप बाहेर पडते आणि समोरच्या गॅलरीतल्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही. आम्ही शेवटी हेच केलं. विटा फोडल्या, खालच्या अर्ध्या भागाला जाळी लावली, वरचा भाग मोकळा ठेवला. मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी आणि थोडं सामान. नव्या कूलरच्या किमतीच्या कितीतरी आत.

तिसरी गोष्ट मला त्यानंतरच दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. घरातला थंडावा कुणाला मिळतो?

आजूबाजूच्या घरांत पाहा. कूलर बैठकीत असतो. बैठकीत पाहुणे, टीव्ही, घरातले पुरुष. स्वयंपाकघर सगळ्यात मागे, पत्र्याखाली, शेगडीच्या आचेत. मेच्या दुपारी बाहेर ४४ अंश असताना पोळ्या लाटणारी बाई घरातल्या सगळ्यात गरम जागी उभी असते आणि तिच्या वाट्याला कूलरचा आवाज तेवढा येतो. रमजान उन्हाळ्यात आला तर रोजा धरून, असर ते मगरीब, तळण काढत. आपण दस्तरखानावर बसून म्हणतो, "आज समोसे चांगले झाले."

यावर दुसरा कूलर हा उपाय नाही. हवा जिथून घराबाहेर पडते, तिथपर्यंत ती वाहते. बैठकीतला कूलर चालू असताना बैठकीच्या बाकी खिडक्या बंद केल्या, मधलं दार उघडं ठेवलं आणि स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडली, तर हवेला बाहेर पडायचा रस्ता एकच उरतो. ती मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, शेगडीची गरमी घेऊन बाहेर जाते. स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत ती काही २८ अंशांची राहत नाही. पण ती हलती असते, आणि आच बाहेर नेते. आमच्याकडे शेगडीची ज्योत फडफडायला लागली, म्हणून शेगडी कोपऱ्याकडे सरकवली आणि बाजूला पत्र्याचा आडोसा लावला. एवढा एकच त्रास.

पहिल्या दिवशी घरात कुरकुर झाली. बैठकीतला थंडावा थोडा कमी झाला, हे खरं. मिस्टर म्हणाले, "इकडे काही वाटतच नाही." मी म्हटलं, "इतकी वर्षं तिकडेही काही वाटत नव्हतं." ते हसले आणि विषय संपला. सगळ्या घरांत इतक्या सहज संपेल असं नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच हा प्रश्न यंत्राचा नाही असं मी म्हणते.

कूलरचे गुण सांगितले, आता त्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

पहिली मर्यादा मृगाची. जूनमध्ये वळवाच्या सरी पडल्या की तापमान ३६वर येतं आणि हवेत ओल भरते. अशा दिवशी ओली तापमापी २८च्या पुढे थांबते. कूलर कितीही चांगला असला तरी ३६चे ३० करेल, आणि वर दमटपणा देईल. अशा वेळी पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा, सगळ्या खिडक्या उघडा. "पाणी टाकलं तरी गार लागत नाही" म्हणून आणखी पाणी ओतणं, ताट्या बदलणं, मोठा पंप लावणं, सगळं व्यर्थ. मुंबई-कोकणातल्या नातेवाईकांनी आपलं पाहून कूलर घेऊ नये, तेही याच कारणाने.

दुसरी मर्यादा पाण्याची. मी बादलीने मोजलं. मेच्या दुपारी १२ ते ४ या चार तासांत आमच्या कूलरने अडीच बादल्या पाणी प्यायलं, पंधरा लिटरची बादली. म्हणजे तासाला नऊ-साडेनऊ लिटर. दिवसातून दहा तास चालवला तर नव्वद-पंचाण्णव लिटर. अकोल्याचं पाणी काटेपूर्णा धरणातून येतं आणि नळ काही रोज येत नाही. ज्या घरात नळ येण्याच्या दिवशी ड्रम, टाक्या, भांडी भरून ठेवावी लागतात, तिथे हे पाणी थोडं नाही. आणि ते कोण वाहतं? वर्गातल्या मुलींचे हात पाहिले की उत्तर मिळतं. थंडावा बैठकीत आणि बादली मुलीच्या हातात, हा हिशेबही मांडायला हवा. म्हणून रात्री हवा जरा उतरली की पंप बंद करून नुसता पंखा ठेवणं, दुपारी कुणी नसलेल्या खोलीत कूलर चालू न ठेवणं, ही कंजुसी नव्हे. भांडी धुतलेलं साबणाचं पाणी मात्र टाकीत ओतू नका, पंप आणि ताट्या दोन्ही जातात.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत बोअरचं पाणी खारट. पाणी उडून जातं, खार मागे राहतो. महिनाभरात ताट्यांवर पांढरा थर चढतो, मग त्यांतून ना पाणी नीट उतरतं ना हवा. लोक म्हणतात मोटर कमजोर झाली. मोटर ठीक असते, ताट्या दगड झालेल्या असतात. अशा गावांत टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून नवं भरावं, कारण उरलेलं पाणी दर दिवशी आणखी खारट होत जातं. तसंही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायलाच हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि बंद पडलेल्या कूलरच्या टाकीएवढी सोयीची जागा त्याला दुसरी नाही.

तिसरी मर्यादा नव्हे, धोका. पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरच्या धक्क्याने कुणी गेल्याची बातमी येते, पुष्कळदा ते लहान मूल असतं. आमच्या गल्लीतही एका मुलीला पाणी भरताना झटका बसला. ती वाचली, तिच्या भावाने पिन ओढली म्हणून. पाणी भरायच्या आधी नुसतं बटन बंद करू नका, पिन काढा. तीन पायांची पिन आणि खरं अर्थिंग असल्याशिवाय पत्र्याचा कूलर लावू नका. घरात ईएलसीबी बसवून घ्या, वीज गळली की ते प्रवाह तोडतं. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावू नका आणि मुलांना पाणी भरायला पाठवू नका. महावितरण दर उन्हाळ्यात हेच सांगतं. आपण वाचतो आणि पान उलटतो.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, एसी घ्या. माझा भाचा हेच म्हणतो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. जूनच्या दमट दिवसांत एसीच काम करतो, कारण तो हवेतली ओल काढतो. घरात हृदयाचा किंवा श्वासाचा रुग्ण असेल, ऐपत असेल, तर जरूर घ्यावा. पण दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो आणि कूलर दीडशे-दोनशे. आमच्याकडे एप्रिल-मेचे दिवस बहुतेक कोरडेच असतात. त्या दिवसांत कूलर नीट लावला तर काम भागतं. शिवाय एसी एका बंद खोलीचा. ज्या घरात आठ माणसं आणि तीन खोल्या, तिथे तो एक खोली थंड करतो आणि कुणी आत बसायचं याचा नवा वाद सुरू करतो. स्वयंपाकघरात तर एसी कुणीच लावत नाही.

आणि दोन्ही घेता येत नाहीत अशी घरंच आपल्याकडे जास्त आहेत. पत्र्याखालची, भाड्याची, एका खोलीची. त्यांना मी खिडकी फोडा असं कसं सांगू? भाडेकरूला भिंत फोडायचा अधिकार नसतो. त्यांच्यासाठी एवढंच, की दाराच्या वर झरोका असेल तर त्यावरचा पुठ्ठा काढा, छताला वरून चुना मारा, दुपारी दार उघडून त्यात ओलं पोतं किंवा साडी टांगा. आणि ज्यांची घरं भाड्याने दिलेली आहेत, त्या आपल्यातल्याच मालकांना विनंती, की पुढच्या वेळी खोली बांधताना समोरासमोर दोन भोकं ठेवा. मशिदीच्या पंख्यांसाठी, कूलरसाठी आपण मोकळ्या हाताने देतो. ज्या भिंतीआड एखादी म्हातारी बाई उन्हाळा काढणार आहे, त्या भिंतीत एक झरोका ठेवणं हेही सवाबाचंच काम आहे असं मला वाटतं.

अम्मी आता पंचाहत्तरीच्या आहेत. मधली खोली अजून त्यांचीच. दुपारी जाळीतून शेजारच्या गॅलरीतला आवाज येतो, शेजारीणबाई वाळवण घालत असते, आणि दोघी एकमेकींना न दिसता गप्पा मारतात. भाव काय, सून कशी, पाऊस कधी. खिडकी बुजवली तेव्हा या गप्पाही बुजल्या होत्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ताट्या बदलताना मी विचारलं, "अम्मी, यंदा मोठा कूलर घ्यायचा का?" त्या म्हणाल्या, "ये अच्छा है. बस वो दरवाजा खुला रख, किचन में तेरे कू बी लगने दे."